मुद्दाम नव्हतं, तरीही

कबड्डीत धोकादायक पकड करणाऱ्या खेळाडूवर कारवाई व्हावी की नाही, या प्रश्नावर माझं मत गेल्या काही वर्षांत पार बदललं आहे. ज्या बाजूने मी हिरिरीने भांडायचो, तिच्या बरोबर समोर आज उभा आहे. सोलापूर जिल्ह्यात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून उमेदीची वर्षं गेली. मुलांचे संघ बांधले, शिट्टी गळ्यात अडकवून पंच म्हणूनही उभा राहिलो. त्यामुळे माझं जुनं म्हणणं ऐकलेली माणसं जिल्ह्यात पुष्कळ आहेत. त्यातले काही आता स्वतः प्रशिक्षक झालेत आणि माझीच वाक्यं आपल्या मुलांना ऐकवतात. हे मनोगत पहिल्यांदा त्यांच्यासाठी आहे.

माझं म्हणणं असं होतं. कबड्डी हा अंगाला अंग भिडवण्याचा खेळ आहे. भिडलं की लागणारच. कुणी मुद्दाम गळा आवळला, केस धरले, लाथ घातली तर त्याला खुशाल बाहेर काढा. पण पकड करता करता समोरच्याचा पाय मुरगळला, गुडघा गेला, तर तो खेळाचा भाग. त्यात गुन्हा कसला आणि कारवाई कसली? हेतू पाहा, हेतू साफ असेल तर विषय संपला. मैदानात मूल पडलं की पकड करणारा मुलगा घाबऱ्याघुबऱ्या पंचांकडे यायचा आणि म्हणायचा, ‘सर, मुद्दाम नव्हतं ओ.’ त्याच्या डोळ्यांत खरेपणा दिसायचा. मग आम्ही पडलेल्या मुलाच्या पायावर पाणी मारायचो, स्प्रे मारायचो आणि सामना पुढे सुरू व्हायचा.

या मताला मुळं होती, ती नाकारण्यात अर्थ नाही. सोलापूर हे गिरण्यांचं आणि तालमींचं गाव. 1877 साली इथे पहिली कापड गिरणी उभी राहिली, ती पुढे जुनी मिल म्हणून ओळखली गेली. मग नरसिंग गिरजी आली, लक्ष्मी-विष्णू आली. पाळीवरून सुटलेला कामगार संध्याकाळी तालमीत जायचा आणि त्याचं पोर तालमीशेजारच्या मोकळ्या जागेत हुतूतू खेळायचं. अंग कणखर असणं ही त्या वस्त्यांमधली सगळ्यात मोठी मिळकत होती. कबड्डीला बॅट लागत नाही, जाळं लागत नाही, बूटही लागत नव्हते. चार रेघा मारल्या की मैदान तयार. अशा खेळात रडायचं नाही, लंगडत का होईना उभं राहायचं, हे आम्ही मुलांना शिकवलं आणि त्यातून पुष्कळ मुलं उभी राहिली, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

दुसरं मूळ कळवळ्याचं होतं. कबड्डी खेळणारं पोर बहुतेक वेळा गरिबाघरचं असतं. राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. पोलीस भरती, रेल्वे, बँका इथेही खेळाडू म्हणून दार उघडतं. अशा मुलाच्या नावावर निलंबनाचा शेरा पडला, त्याची एखादी राज्य स्पर्धा हुकली, तर त्याच्या घराचं काय? शिक्षा एका पकडीची आणि भोगायची सगळ्या घराने, हे मला पटत नव्हतं.

आणि तिसरं मूळ म्हणजे कार्डांबद्दलचा राग. 2014 साली प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि कबड्डी घराघरांतल्या टीव्हीवर पोचली. त्याचा आनंद होताच. पण हिरवं, पिवळं, लाल कार्ड बघितलं की मला वाटायचं, हे फुटबॉलचं सोंग आपल्या खेळात कशाला? मातीतला खेळ मॅटवर गेला, आता त्याचा रांगडेपणाही काढून घेणार.

हे मत एका दिवसात गेलं नाही. पण त्याला पहिला तडा गेला तो एका तालुक्याच्या गावातल्या रात्रीच्या सामन्यात. मी पंच नव्हतो, गुणलेखकाच्या टेबलाशेजारी बसलो होतो. हॅलोजनच्या उजेडात मैदानावरची धूळ धुक्यासारखी दिसत होती. चढाईला आलेला मुलगा बारावीतला असेल. चपळ, लांब हाताचा. त्याने उजव्या कोपऱ्याला हुलकावणी दिली आणि परत फिरताना डाव्या कोपरारक्षकाने त्याचा घोटा पकडला. पकड नमुनेदार होती, शिकवताना उदाहरण म्हणून दाखवावी अशी. पोरगं तोंडावर आडवं झालं, दोन्ही हात मध्यरेषेकडे ताणलेले. मध्यरक्षकाने येऊन कमरेला मिठी घातली. तिथे चढाई जवळपास संपलीच होती. रेषा अजून दीड-दोन हात लांब होती आणि पोराच्या अंगात सरकायला जोर उरलेला नव्हता. त्याच क्षणी तिसरा खेळाडू धावत आला आणि सगळं अंग झोकून त्याच्या ताणलेल्या पायावर, गुडघ्याच्या मागच्या बाजूला पडला.

घोटा एकाच्या मुठीत आवळलेला, कंबर दुसऱ्याच्या मिठीत, आणि मधला गुडघा तिसऱ्याच्या वजनाखाली. त्या पायाला हलायला कुठे जागाच नव्हती. पंचांची शिट्टी झाली, चढाईपटू बाद, पकडीचा एक गुण. माणसं टाळ्या वाजवत उठली. पोरगं उठलं नाही.

तिसऱ्या खेळाडूला मी जवळून पाहिलं. तो रडत होता. ‘मुद्दाम नव्हतं ओ सर, मी पकड पक्की करायला गेलो.’ तो खरं बोलत होता, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पंचांनी नेहमीप्रमाणे गुण दिला, त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच दिला असता. पण घरी येताना माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. त्या मुलाचं वाक्य खरं होतं, पण ते कोणत्या प्रश्नाचं उत्तर होतं? हा मुलगा वाईट आहे का, असं कुणी विचारलं असतं तर ते उत्तर पुरेसं होतं. मैदानात मात्र प्रश्न वेगळा होता. अशी पकड उद्याच्या सामन्यात पुन्हा होऊ द्यायची का? त्या प्रश्नाला हेतूचं उत्तर लागूच पडत नाही.

मग मी पकडी वेगळ्या नजरेने बघायला लागलो. टीव्हीवर एकच पकड चार बाजूंनी, सावकाश दाखवतात, त्याचा मला उपयोग झाला. मैदानावर जे एका श्वासात घडतं, ते तिथे सुटं सुटं दिसतं. आणि सुटं दिसल्यावर लक्षात आलं की धोका पहिल्या पकडीत फार क्वचित असतो. घोट्याची पकड, मांडीची पकड, खांद्याने दिलेला धक्का, हे सगळं समोरासमोरचं असतं. चढाईपटू उभा असतो, बघत असतो, उडी मारू शकतो, अंग चोरू शकतो. धोका येतो तो नंतर. तो आडवा झाल्यावर, हात रेषेकडे लांबवल्यावर, पाय कुणाच्या तरी ताब्यात गेल्यावर. त्या अवस्थेत त्याला स्वतःला वाचवायला काहीही उरलेलं नसतं. मान वळवता येत नाही, हात टेकवता येत नाहीत. आणि नेमकं तेव्हाच आणखी दोघं-तिघं त्याच्यावर येऊन पडतात. हौशी कबड्डीत पुरुष गटाला 85 किलोंची वजनमर्यादा आहे. ऐंशी-ऐंशी किलोंचे तिघं म्हणजे अडीचशे किलोंच्या आसपास वजन. ते एका पोराच्या गुडघ्यावर किंवा मानेवर.

मॅटने यात भर घातली आहे. मातीत पाय सरकतो, अंग फिरलं की टाचही थोडी फिरते. मॅटवर बुटाचा तळ धरून ठेवतो. अंग फिरतं, मांडी फिरते, पाऊल जागचं हलत नाही आणि मधल्या मधे गुडघ्यातला अस्थिबंध तुटतो. पूर्वी खरचटायचं, ढोपरं फुटायची. आता मुलं एमआरआयचा कागद घेऊन दारात येतात. ती शस्त्रक्रिया झाली की मैदानात परतायला साधारण नऊ महिने ते वर्ष जातं, आणि पुष्कळजण परततच नाहीत. रोजंदारी करणाऱ्या बापाच्या पोराने ते वर्ष कशाच्या जिवावर काढायचं? ज्या गरिबीचा कळवळा घेऊन मी पकड करणाऱ्याची बाजू घ्यायचो, तीच गरिबी खाली पडलेल्याच्याही घरात असते. दोघांपैकी एकाचं सामने चुकून नुकसान होतं, दुसऱ्याचं पाय जाऊन. हे दोन्ही एका तागडीत घालून बघितल्यावर माझा कळवळा कुठे असायला हवा, हे मला कळलं.

इथे कुणी जाणकार मला अडवेल आणि विचारेल, तिसऱ्याने जायचंच नाही का? दोघांना फरफटत नेऊन मध्यरेषेला बोट टेकवणारे चढाईपटू आपण सगळ्यांनी पाहिलेत. बोट टेकलं की धरणारे सगळे बाद. म्हणून तिसरा जाणारच आणि त्याने जायलाच हवं. प्रश्न आहे तो कसं जायचं याचा. बाजूने येऊन कमरेला, छातीला मिठी घालता येते, रेषेच्या आड अंग घालून वाट अडवता येते. त्याने चढाईपटू थांबतो. ताणलेल्या गुडघ्यावर किंवा मानेवर उडी घेतल्याने तो जास्त थांबत नाही, फक्त मोडतो. हा फरक ज्याला शिकवला जातो, त्याला तो पाळताही येतो.

याच सुमारास मी रग्बी लीग या खेळातल्या एका प्रकरणाबद्दल वाचलं. ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडच्या उत्तर भागात हा खेळ आपल्याकडच्या कबड्डीसारखाच कामगारवस्त्यांमधून वाढला. तेरा-तेरा जणांचे संघ, चेंडू घेऊन धावणाऱ्याला अंगाला भिडून खाली पाडायचं. 24 मार्च 2014 रोजी मेलबर्नमध्ये न्यूकॅसलचा अॅलेक्स मॅकिनन हा तरुण खेळाडू चेंडू घेऊन धावत असताना तिघांनी त्याला धरलं. त्या झटापटीत तो उचलला गेला आणि डोक्यावर, मानेवर आपटला. मानेचे मणके मोडले. त्याचा खेळ तिथेच संपला आणि पुढचं आयुष्य चाकाच्या खुर्चीशी बांधलं गेलं. धरणाऱ्यांपैकी जॉर्डन मॅकलीन याला शिस्तपालन समितीने सात सामन्यांसाठी बाहेर बसवलं.

त्या निर्णयावर तिकडे मोठा वाद झाला. मॅकलीनने मुद्दाम केलं असं कुणीही म्हणत नव्हतं. कुणाला सात सामने फार वाटले, कुणाला फारच थोडे. मला त्यात महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. त्या खेळाच्या नियमांत धरलेल्या माणसाला उचलून आडव्याच्या पलीकडे, डोकं खाली होईल असं नेणं हाच गुन्हा आहे. मन कसं होतं हे नंतरचं. म्हणजे माणसाच्या चारित्र्यावर निकाल न देता त्याच्या कृतीवर निकाल देता येतो. चांगल्या मुलालाही ‘तू चांगला आहेस, तरी हे चालणार नाही’ असं सांगता येतं. मी इतकी वर्षं कारवाई म्हणजे बदनामी असं धरून बसलो होतो. ती गाठ तिथे सुटली.

पण त्या प्रकरणाने मला आणखी एका टप्प्यावर नेलं. हेतू सोडल्यावर मी काही काळ दुखापतीवर येऊन थांबलो होतो. ज्याच्या पकडीने समोरचा जायबंदी झाला त्याला शिक्षा, समोरचा उठून उभा राहिला तर काही नाही. ऐकायला हे न्यायाचं वाटतं. पण तशीच्या तशी उडी दोघांनी घेतली, एकाच्या खालचा गुडघा मोडला आणि दुसऱ्याच्या खालचा नशिबाने वाचला, तर दोघांच्या कृतीत फरक काय? तो फरक नशिबाचा आहे, आणि नशिबावर कार्ड दाखवता येत नाही. शिवाय दुखापतीची वाट बघायची म्हणजे कुणाचा तरी पाय आधी जाऊ द्यायचा. कारवाईचा उपयोग आहे तो त्या नव्व्याण्णव पकडींत, जिथे पोरगं धूळ झटकून उठलं. तिथेच पंचाने थांबवलं तर शंभरावी पकड होणार नाही. हेतू नाही, दुखापतही नाही, कृतीतला धोका बघायचा. इथे येऊन माझं मत स्थिर झालं.

कार्डं बाहेरून आली हा माझा समजही टिकला नाही. नियमपुस्तिका पुन्हा उघडली. कबड्डीची नियमबांधणी मुख्यतः महाराष्ट्रात झाली. साताऱ्यात, बडोद्यात स्पर्धा झाल्या, 1934 साली अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने हुतूतूचे नियम बांधले, पुढे कबड्डीमहर्षी बुवा साळवी यांच्यासारख्यांनी आयुष्य घालून हा खेळ देशभर नेला. ज्या पुस्तिकेवरून मी पंचगिरी शिकलो, तिच्यातच लिहिलं आहे की चढाईपटूला हात, पाय आणि धड याशिवाय कुठेही धरायचं नाही. केस, कपडे धरले तर तो नाबाद. तोंड दाबून दम मोडणं, गळा आवळणं, पायांची कैची घालणं, शरीराला इजा होईल अशी हिंसक पकड करणं, यांपैकी काही झालं तर चढाईपटू नाबाद आणि पकड करणाऱ्याला ताकीद, तात्पुरतं निलंबन किंवा थेट अपात्रता. इजा होईल अशी पकड हे शब्द आपल्याच पुस्तिकेत आहेत. कार्डाने त्या शब्दांना फक्त रंग दिला. हिरवं म्हणजे ताकीद, पिवळं म्हणजे दोन मिनिटं बाहेर, लाल म्हणजे सामन्यातून बाहेर.

कायद्याचीही एक गोष्ट मला एका वकील मित्राने दाखवली. 1860 च्या भारतीय दंड संहितेतलं 87 वं कलम संमतीबद्दल होतं. त्यात तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं उदाहरण दिलेलं आहे. दोघं खेळायला तयार झाले म्हणजे खेळताना होणाऱ्या इजेलाही दोघांची संमती आहे असं धरायचं, पण खेळ नियमाने चालला असेल तरच. नव्या भारतीय न्याय संहितेतही ही तरतूद कायम आहे. ‘मैदानात उतरला म्हणजे लागणार हे त्याला माहीत होतं’ हे आपलं नेहमीचं वाक्य त्या अटीपाशी येऊन अडतं. पोरगं मैदानात उतरतं तेव्हा ते पकडीला तयार असतं. आडवं पडून हात ताणलेले असताना मानेवर कुणी उडी घ्यावी, याला त्याने कधीच होकार दिलेला नसतो.

जुलै 2022 मध्ये तामिळनाडूत, पणरुटीजवळच्या एका गावात रात्रीच्या सामन्यात विशीतला एक महाविद्यालयीन चढाईपटू पकडीच्या झटापटीत कोसळला आणि वाचला नाही. त्याचं चित्रण आपल्याही मुलांच्या मोबाइलवर फिरलं. तो प्रसंग मी कारवाईच्या बाजूचा पुरावा म्हणून वापरणार नाही. तिथे कुणाला दोष द्यावा असं मला दिसलं नाही, आणि कोणत्याही नियमाने सगळे अपघात टळत नाहीत. पण कबड्डीत फार तर हाड मोडतं, जीव जात नाही, या समजुतीवर मी विसंबून होतो. ती त्या दिवसापासून माझ्याजवळ उरली नाही.

आता कुस्तीकडे वळतो, कारण सोलापूरकराला कुस्ती टाळून हे बोलता येणार नाही. 2 फेब्रुवारी 2025 रोजी अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीची स्पर्धा संपली ती गदारोळात. गादी विभागाच्या अंतिम कुस्तीनंतर शिवराज राक्षे आणि किताबाच्या कुस्तीनंतर आपल्या मोहोळ तालुक्यातल्या शिरापूरचा महेंद्र गायकवाड या दोघांवर पंचांशी गैरवर्तन केल्याबद्दल तीन वर्षांच्या निलंबनाची घोषणा झाली. पुढे पंचांच्या निर्णयाचीही चौकशी झाली. कोण बरोबर, कोण चूक, यावर जिल्ह्यात चहाच्या टपरीपासून तालमीपर्यंत आजही दोन तट आहेत. त्यात मला शिरायचं नाही. पंचांच्या अंगावर जाणं खपवून घेता येत नाही, एवढं मात्र मी ठामपणे म्हणतो.

मला त्या घटनेतून उमगलं ते असं. आपल्याकडच्या संघटनांना कडक कारवाई करता येत नाही हे खोटं आहे. मनात आणलं तर हजारो प्रेक्षकांसमोर, नावाजलेल्या मल्लांवर, काही तासांत निर्णय होतो. मग त्याच कुस्तीच्या नियमांत मानेवर दोन्ही हातांनी घातलेला विळखा, गळा दाबणं, नव्वद अंशांपलीकडे पिरगाळलेला हात, उलटा उचललेल्या मल्लाला सरळ डोक्यावर आपटणं हे सगळं निषिद्ध असताना, गावोगावच्या आखाड्यांत त्याबद्दल कुणी थांबवलं, लिहून घेतलं, पुढच्या मैदानाला बंदी घातली असं किती वेळा ऐकू येतं? पंचाच्या मानाला धक्का लागला की आपण जागे होतो. खेळाडूच्या मानेला धक्का लागला की तो खेळाचा भाग होतो. आपण कशाला गंभीर मानतो, एवढाच तो प्रश्न आहे.

माझ्या सगळ्या शंका फिटल्या असं मात्र नाही. कार्ड हातात आलं की ते सूड म्हणूनही वापरता येतं. यजमान गावाचा संघ हरायला लागला की पंचांवर किती दडपण येतं, हे मी सोसलेलं आहे. एक पिवळं कार्ड म्हणजे दोन मिनिटं एक गडी कमी. एक चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची, म्हणजे चार चढाया तरी त्यात जातात. तेवढ्यात लोण पडतो आणि सामना फिरतो. म्हणून कारवाई हवी, पण ती लेखी हवी आणि पायरीपायरीने चढणारी हवी. कोणत्या पकडीला ताकीद, कोणत्या पकडीला दोन मिनिटं, हे सामन्याआधी दोन्ही कर्णधारांना आणि प्रशिक्षकांना तोंडाने सांगितलं पाहिजे. लाल कार्ड दाखवलं तर पंचाने त्याच रात्री दोन ओळींचा का होईना अहवाल द्यावा. पुढच्या सामन्यांची बंदी घालायची असेल तर खेळाडूला बोलावून त्याचं म्हणणं ऐकावं, हल्ली प्रत्येक सामन्याचं चित्रण असतं ते बघावं, आणि दाद मागायला एक जागा ठेवावी. आणि शाळेतल्या मुलांना, 14 आणि 17 वर्षांखालच्यांना, लांबलचक बंदी घालून काही साधत नाही. त्यांना दोन मिनिटं बाहेर बसवून, ती पकड का चालणार नाही हे त्याच संध्याकाळी मैदानावर करून दाखवलं, की पुरतं.

एक जबाबदारी मात्र पोरांवर ढकलून चालणार नाही. तिसऱ्याने उडी घ्यावी हे त्याला कुणीतरी शिकवलेलं असतं. बाहेरून ‘पड, पड त्याच्यावर!’ असा आवाज आम्हीच देत असतो. ज्या संघाचे खेळाडू एका स्पर्धेत वारंवार अशा पकडींसाठी बाहेर जातात, त्या संघाच्या प्रशिक्षकालाही ताकीद मिळाली पाहिजे. सरावात आपण धरायला शिकवतो, सोडायला शिकवत नाही. शिट्टीबरोबर हात मोकळे करणं, आडव्या पडलेल्याच्या मानेवरून आपला गुडघा बाजूला घेणं, हीसुद्धा कौशल्यं आहेत आणि ती घोट्याच्या पकडीइतकीच घोटून घेता येतात. मी सरावाला येणाऱ्या मुलांकडून आता ती रोज करून घेतो. त्यांची पकड ढिली पडलेली नाही. पहिल्या माणसावरचा भार वाढल्यामुळे ती उलट नेमकी झाली आहे.

जुने सहकारी विचारतात, ‘सर, तुम्हीच असं म्हणायला लागलात तर खेळात राहिलं काय?’ राहिलं ते सगळं राहिलं. दम राहिला, हुलकावणी राहिली, कोपऱ्यातून झेप घेऊन घोट्याला घातलेला हात राहिला, तिघांना घेऊन रेषेवर पोचणाऱ्याची जिगर राहिली. मला आजही अंगाला अंग भिडणारी कबड्डीच हवी आहे. पण दुसऱ्याचं शरीर आपल्या ताब्यात आलं, त्याला स्वतःला सावरणं शक्य उरलं नाही, की त्या क्षणापासून त्या शरीराची जबाबदारी धरणाऱ्याची आहे, आणि ती त्याने टाळली तर पंचाने त्याला बाहेर काढायचं आहे. त्याचा हेतू कितीही साफ असो, आणि खालचा मुलगा हसत हसत उठून उभा राहिलेला असो. जिल्ह्यातल्या पंचांना, प्रशिक्षकांना आणि संघटनेच्या पदाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की येत्या हंगामापासून प्रत्येक स्पर्धेत हा नियम सामन्याआधी वाचून दाखवावा आणि सामन्यात तो लावावा. नियम कधीचा लिहिलेला आहे, तो पाळायला कुणाच्या परवानगीची गरज नाही.